जुन्या औषधाभोवतीचं कडं

हुल्कारने काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरली. कडं उमटलं होतं. बशीभर जंतूंचा हिरवट, धुरकट थर पसरला होता आणि पांढरी पूड ठेवली होती तिथे मात्र स्वच्छ, पारदर्शक गोल पडला होता. तिथे जंतू वाढलेच नव्हते.

हे जंतू कुठल्या पुस्तकातले नव्हते. तिच्या सासूच्या, खोसियतच्या, पायातले होते.

पायाचं कसं झालं ते सांगण्यासारखं आहे. शरद संपताना अंगणात बसून म्हातारी जर्दाळूच्या बिया फोडत होती. एक धारदार टरफल रबरी बुटात गेलं आणि ती दिवसभर त्यावरच चालली. साखरेच्या आजाराने तळव्यातली जाणीव केव्हाच गेली होती. चहाबरोबर खडीसाखर चघळायची सवय तेवढी गेली नव्हती. टरफल निघालं, पण काट्याचा नायटा झाला तो झालाच. जखम हाडापर्यंत गेली, औषधं हरली आणि आता कोकंद शहराच्या हॉस्पिटलात शल्यचिकित्सक मुयस्सर-आपा आज दुपारी पाय गुडघ्याखाली कापणार होत्या. नाही कापला तर विष रक्तात चढणार, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

म्हातारीने मात्र अट घातली होती. "माझी केलिन त्या प्रयोगशाळेत पूड करते ना? तिची पूड आधी बोलू दे. केलिन स्वतः येऊन नाही म्हणाली तर कापा. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही." केलिन म्हणजे सून. जिच्या हातच्या सुपात आजवर हिला कधी पुरेसं मीठ सापडलं नव्हतं, तिच्या पुडीवर मात्र एवढा भरवसा.

पूड इसिरीकची होती. इसिरीक म्हणजे तिकडच्या माळावर उगवणारं कडू, राखाडी-हिरवं तण. दारोदार त्याच्या जुड्या टांगलेल्या असतात. बाळ जन्मलं, पाहुणा आला, सर्दीची साथ आली, कुणाची दृष्ट लागली, की तव्यावर चिमूटभर टाकून घरभर धूर फिरवायचा. प्रयोगशाळेचे म्हातारे मुख्य, नुसरत दोमला, म्हणजे नुसरत गुरुजी, यांची हयात या तणामागे गेली होती. पाला उकळायचा, गाळायचा, त्या काढ्यात जस्ताचा क्षार घालून आटवायचं आणि उरलेला लगदा भट्टीत भाजायचा. हाती येते ती जस्ताच्या ऑक्साइडची पूड. तिचे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावावेत. एवढे बारीक नॅनोकण जंतूला भिडले की त्याची कातडी फोडतात, असं दोमला सांगत. खात्यातले बाकीचे हसत. "सरकार पगार देतं आणि दोमला गवत उकळतात," म्हणत.

"बघू, बघू!" दोमलांनी बशी तिच्या हातातून जवळजवळ ओढलीच. चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला. "अगं पोरी, हे बघ! हातच्या कांकणाला आरसा कशाला!" बशी टेबलावर ठेवून ते तरातरा बाहेर गेले.

हुल्कारलाही रडू येत होतं. पाय वाचला, असंच तिच्या मनात आलं. मग सवयीने तिने बशीतल्या बाकीच्या जागा पाहिल्या. बशीत चार ठिपके होते. एक पुडीचा, एक नुसत्या काढ्याचा, एक साध्या पाण्याचा आणि चौथी हॉस्पिटलातल्या औषधाची चकती. हे औषध म्हातारीला टोचून टोचून तिचे दंड निळे झाले होते आणि जंतूंनी त्याला भीक घातली नव्हती. हॉस्पिटलच्या स्वतःच्या बशीत जंतू या चकतीला अगदी खेटून वाढले होते.

आता त्याच चकतीभोवती कडं होतं. चांगलं ठसठशीत.

तिने डोळे चोळले. बशी फिरवली. कडं तिथेच होतं.

दोमला हसत परत आले. "फुरकतला कळवून टाकलं! बिचारा कालपासून आईच्या उशाशी बसलाय."

"काय कळवलं?"

"झालं म्हणून! पूड चालली म्हणून!"

आनंद झाला की माणसाने आधी घोटभर पाणी प्यावं आणि मग फोन उचलावा. पण इतकी वर्षं लोकांचं हसू सोसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

"दोमला, हे बघा." तिने चकतीवर बोट ठेवलं. "हे औषध या जंतूवर चालत नाही. तरी कडं आलंय."

"नव्या डबीतलं असेल. ताजं."

"डबी तीच आहे. हॉस्पिटलनं दिलेली."

दोमला वाकले. बराच वेळ वाकून राहिले. तिने बशी तिरपी धरली. नीट पाहिलं तर सगळा थरच विरळ होता, धुऊन धुऊन झिजलेल्या ओढणीसारखा. "जंतू आधीच अर्धमेले होते," ती म्हणाली. "अर्धमेल्याला कुणीही मारेल. आपली पूड मारेल, हे जुनं औषधही मारेल. यातून काहीच कळत नाही."

"पण अर्धमेले झाले कशानं? जंतू तू टोचलेस, बशा तू ओतल्यास."

"तेच कळत नाहीये."

"मग एवढ्यावरून माझ्या तीस वर्षांवर पाणी फिरवू नकोस, पोरी," दोमला म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. तिला त्यांची कीव आली आणि रागही आला. त्यांच्या तीस वर्षांपुढे तिकडे एक जिवंत बाई पडली होती.

तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, फुरकतचा, फोन आला. आईला तो ओयी म्हणे, तीही सासूला तेच म्हणे. "हुल्कार! ओयीनं ऑपरेशनला साफ नकार दिला. ढकलगाडीवरून खाली उतरली! आपा माझ्यावर ओरडतायत. तू पूड घेऊन लवकर ये."

"फुरकत-अका, पूड चालली नाही. त्यांना सांगा, कापू द्या म्हणावं."

फुरकतच्या मागून म्हातारीचा आवाज आला, तापाने चिरकलेला, पण करारी. "फोनवर काय, तिच्या मानेवर सुरी ठेवूनही वदवून घेतील! समोर येऊन सांगू दे!"

हुल्कारने कोट अंगावर टाकला आणि धावतच सुटली.

भाड्याची दमास गाडी म्हणजे चाकांवरचं खुराडं. तिच्यात ती कोंबून बसली. बाजाराच्या तोंडाशी गाडी अडकली. पुढे टरबुजांचा ट्रक आडवा झाला होता आणि दोन ड्रायव्हर एकमेकांच्या सात पिढ्यांची चौकशी करत होते. हुल्कारच्या डोळ्यांसमोर सासूचा पाय होता. मुयस्सर-आपांनी काल लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली होती. "ही रेघ ओलांडली की मी थांबणार नाही," म्हणाल्या होत्या.

"अका, दुसरीकडून घ्या ना!"

"बहिणाबाई, दुसरीकडून उडत जाऊ का?"

खिडकीशी एक बाई आली. हातात डब्याचं झाकण, त्यावर धुमसणारं इसिरीक. ती दुकान दुकान फिरून धूर देणारी होती. तिने धूर खिडकीतून आत सोडला, इडापिडा दूर जावो म्हणून पुटपुटली. गाडीतल्या साऱ्यांनी ओंजळीने तो तोंडाकडे ओढून घेतला. ड्रायव्हरने भांडण तेवढ्यापुरतं थांबवून तिला नोट दिली. हुल्कारनेही सवयीने ओंजळ पुढे केली आणि तिचे हात हवेतच राहिले.

हा वास. परवा प्रयोगशाळेत शिरताना हाच वास आला होता. तिथे इसिरीकचा वास बारमाही असतो, नाक त्याची दखलच घेत नाही. पण तो उकळल्याचा वास असतो, ओला आणि कडवट. परवाचा वास जळक्या पाल्याचा होता. आणि परवाच ताज्या ओतलेल्या बशा झाकणं अर्धी सरकवून तिने कपाटात वाळत ठेवल्या होत्या. बशा वाळेपर्यंत ती सासूपाशी हॉस्पिटलात जाऊन बसली होती. प्रयोगशाळेची किल्ली घरच्या खिळ्याला होती.

त्या किल्लीला कुणाचा हात लागला असेल?

हॉस्पिटलच्या जिन्यातच फुरकत भेटला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तिने विचारलं, "परवा माझ्या बशांना धूर कुणी दिला?"

त्याने आधी जमिनीकडे पाहिलं. "ओयीनं सांगितलं होतं. घरच्या दारावरची जुडी ने म्हणाली. तुझ्या कामाला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून." मग जरा उजळून म्हणाला, "झाकणं अर्धी उघडीच होती. म्हटलं बरंच झालं, आतपर्यंत जाईल."

तिने कपाळ भिंतीला टेकलं. शिव्या द्याव्यात तरी कुणाला? घरात प्रत्येकाने आपापल्या परीने पाय वाचवायला हात लावला होता, आणि त्या प्रेमाच्या धुरानेच परीक्षा बिघडवली होती.

"मी काही चुकलो का?" त्याने विचारलं.

"नंतर सांगते. चला."

खोसियत पलंगावर बसली होती. झोपलेलं दिसलं तर लोक कापून नेतील अशा बेताने बसली होती. गाल तापाने लाल, डोक्यावरचा रुमाल घसरलेला. मुयस्सर-आपा पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी चादर बाजूला केली आणि काही न बोलता बोटाने दाखवलं. कालची रेघ घोट्यावर होती. लाली तिच्या वर चढून अर्ध्या पोटरीला पोचली होती.

"संध्याकाळपर्यंत गुडघा ओलांडेल," आपा म्हणाल्या. "मग मांडीतून कापावं लागेल. आणि उद्यावर टाकलं तर मी कापायलाही येणार नाही, फातिहा पढायला येईन. हुल्कार, तुझ्या घरचं माणूस आहे. तूच बोल."

"आलीस?" म्हातारी म्हणाली. "पूड कुठे आहे?"

"आणली नाही, ओयी."

"का? सोन्याच्या डबीत भरतायत?"

"कडं खोटं आलंय. पुडीमुळे नाही आलं."

"दोमला म्हणाला आलं. एवढा शिकलेला माणूस. तू त्याच्यापेक्षा शहाणी?"

हुल्कार पलंगाच्या कडेला बसली. तिने सगळं सांगितलं. वाळत ठेवलेल्या बशा, अर्धी झाकणं, फुरकतने दिलेला धूर, अर्धमेले जंतू. फुरकत दाराशी ऐकत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हातारीने मात्र मान ताठ केली. तिच्या डोळ्यांत विजय होता.

"म्हणजे जंतू माझ्या इसिरीकनं मारले!"

"अर्धे मारले."

"तुझ्या पुडीला जे जमलं नाही ते माझ्या दारावरच्या जुडीनं केलं! मग बघत काय बसलाय? फुरकत, जा, तवा आण! द्या धूर पायाला!"

फुरकत खरंच वळला. बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर जुडी होती.

"थांबा!" हुल्कार ओरडली. वॉर्डातल्या दोन बायका उठून बसल्या. "ओयी, बशीत धूर आधी बसला आणि जंतू त्यावर पडले. पातळ थर, सगळा उघड्यावर. तुमच्या पायातले हाडात शिरलेत. धूर हाडात शिरतो का? शिरत असता तर जन्मभर धूर घेतलाय तुम्ही, हा पाय सडलाच नसता."

म्हातारीचा आवाज खाली आला, पण धार तीच. "तुला हेच हवंय. मी घरभर फिरते, तुझ्या पातेल्यांत डोकावते, ते तुला खुपतं. एका कोपऱ्यात बसवून ठेवायचंय मला."

"ओयी, असं काय बोलतेस," फुरकत म्हणाला.

"खुपतं!" हुल्कारच्या तोंडून गेलं. तिलाच आवरेना. "हो, खुपतं मला! सुपात मीठ कमी, कणीक सैल, झाडू उलटा, रोज ऐकते मी. पण रिकाम्या घरात मी भांडू कुणाशी? भिंतीशी?" आणि ती रडायला लागली, चांगली हुंदके देऊन, नाक कोटाच्या बाहीला पुसत.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मुयस्सर-आपांनी घड्याळाकडे पाहिलं.

हुल्कारला नान आठवला. घरातून कुणी लांब निघालं की त्याने नानाचा एक घास तोडून खायचा असतो. उरलेला नान भिंतीला टांगून ठेवतात. तो घरात वाट बघतो, आणि माणूस परत येऊन तोच नान संपवतं. फुरकत सैन्यात गेला तेव्हा त्याचा नान असाच टांगला होता. हॉस्पिटलात यायच्या सकाळी खोसियतनेही उंबऱ्यात उभं राहून दातांनी एक घास तोडला होता.

"ओयी," ती म्हणाली, "तुमचा नान भिंतीवर आहे."

"माहितीये मला."

"त्यात तुमच्या दातांची खूण आहे. तो दात ओळखतो. पाय मोजायला बसणार नाही."

खोसियतने डोळे मिटले. पापण्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही. पोटरीवरची लाली तेवढ्यातही चढतच असणार, असं हुल्कारला वाटत राहिलं.

"कुठल्या भिंतीवर टांगलायस?" म्हातारीने विचारलं.

"चुलीच्या. उंच, मुंग्या लागू नयेत म्हणून."

"उंच? मग एका पायावर माझा हात कसा पोचणार, मूर्ख पोरी?"

"मी खाली टांगते."

"खाली टांग," खोसियत म्हणाली आणि आडवी झाली. "ने गं आपा मला. लवकर ने, नाहीतर मन फिरेल माझं."

पाय गुडघ्याखाली गेला. गुडघा राहिला. मुयस्सर-आपा बाहेर आल्या तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की आणखी उशीर झाला असता तर त्या हे सांगायला आल्या नसत्या. फुरकत भिंतीला टेकून खालीच बसला आणि लहान मुलासारखा रडला. धूर आपण दिला, हे त्याच्या मनातून काही जाईना. हुल्कार त्याच्या शेजारी बसून राहिली.

म्हातारीचा ताप उतरल्यावर हुल्कारने बशा पुन्हा ओतल्या. जंतू तेच, पूड तीच. या वेळी दोमला दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि कुणालाही, अगदी झाडूवालीलाही, आत सोडलं नाही. जंतू वाढवायच्या ऊबकपाटातून बशी काढताना हुल्कारने मनात काहीच धरलं नाही. धरायची भीती वाटत होती.

थर दाट होता. जुन्या औषधाला जंतू खेटून वाढले होते. पाण्याला खेटून, नुसत्या काढ्यालाही खेटून. आणि पुडीभोवती एक अरुंद, स्वच्छ कडं होतं. या वेळी खरं.

दोमलांनी चष्मा काढला आणि रुमालात तोंड लपवलं. त्यांचं आयुष्य त्या बशीत सार्थकी लागलं होतं. हुल्कारला मात्र आनंद झाला नाही. तिच्या मनात आलं ते एकच. पाय.

"घरी सांगू नकोस," दोमला हळूच म्हणाले. त्यांनाही तेच सुचलं होतं. "म्हातारीला काय समजणार त्यातलं? उगाच जन्मभर मनाला लावून घेईल."

तिला ते पटलंही. दमासमधून घरी जाताना ती हेच घोकत होती, की सांगायचं नाही.

अंगणात, उन्हाच्या भिंतीशी, खोसियत गादीवर बसली होती. मांडीवर तोच नान होता, दगडासारखा वाळलेला. तुकडा तुकडा मोडून ती चहात बुडवत होती आणि उरल्यासुरल्या दातांनी चघळत होती. दुमडलेल्या सलवारीचं रिकामं टोक तिने पिनेने नीट बंद केलं होतं.

"बशी उघडलीस ना आज?" तिने वर न बघता विचारलं. "तोंडावरून कळतंय. काय बोलली?"

हुल्कार समोर बसली. खोटं तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. ही बाई तिच्या एका शब्दावर पाय देऊन बसली होती. तिच्याशी खोटं बोलायचं तर मग खरं कुणाशी बोलायचं?

"कडं आलं, ओयी. खरं आलं. एवढंसं." तिने मसुराच्या दाण्याएवढं बोटावर दाखवलं.

खोसियतचा हात प्याल्यावर थांबला. "म्हणजे माझा पाय..."

"नाही. बशीत पूड जंतूंच्या अंगावरच बसते. तुमच्या हाडापर्यंत ती पोचलीच नसती. माणसाला लावायला अजून किती परीक्षा व्हायच्यात. तुमच्याकडे दिवस नव्हता, तास होते. मुयस्सर-आपांना विचारा, त्याही हेच..."

"तू मला समजावतेस की स्वतःला?"

"दोघींना," हुल्कार म्हणाली.

म्हातारीने नानाचा शेवटचा तुकडा चहातून काढला, तोंडात टाकला आणि सावकाश संपवला. मग कुबडी ओढली. हुल्कार हात द्यायला पुढे झाली, तो तिने झटकला. एका पायावर तोल सावरत, भिंत धरत ती दारापर्यंत गेली, चौकटीवरची इसिरीकची जुडी तिने उपसून काढली आणि सुनेच्या ओंजळीत टाकली.

"घे. जाळू नकोस, उकळ. आणि जरा हात चालव, कणीक मळतेस तशी रेंगाळू नकोस." तिचा आवाज कापत होता, पण ती सरळ उभी होती. "मला अजून एक पाय आहे."